निळ्या जास्वंदीला बाहेरचं पाणी

१८ नोव्हेंबर

कसे आहात सगळे? आधी एकेकाला विचारून घेते, मग लिहिते.

यांचा खोकला? — तसाच. काढा पुढे केला की मात्र एकदम नाहीसा!

कपिला गाईचा खूर? — भरत आलाय. हळद-तेल चालू आहे.

वादळातून वाचलेला वाकडा माड? — उभा आहे बिचारा. माझ्यासारखाच, एका अंगावर.

माझे गुडघे? — त्यांना न विचारलेलं बरं.

बेटावरचं अस्वल? — त्याला सर्दी झाली होती. औषध दिलं. काय बोललं ते इंग्रजीत, मला कळलं नाही. पण मान लववली आणि मला एक खुर्ची दिली! इथे पोटच्या परेशला आयुष्यभर औषधं पाजली, त्याने कधी पाट दिला नाही बसायला.

बेट म्हणजे खेळातलं. प्राप्ती दिवाळीत देऊन गेली ते हातातलं यंत्र. ‘गोदूआजी, माझं जुनं आहे, मी नवीन घेतलं. तू खेळ.’ मी म्हटलं, अगं, या वयात? तर म्हणाली, ‘यात मारामारी नाही. झाडं लावायची, फुलं वाढवायची, बस्स.’ मग म्हटलं आण.

दमले आज. उरलेलं उद्या.

१९ नोव्हेंबर

सकाळी वाडी शिंपली. पोफळींची आळी भरली, पाट मोकळा केला, शेवटचा तांब्या तुळशीला. सासूबाईंनी घालून दिलेली रीत. वाडीतून परत येणारा जो शेवटचा, त्याने हातातलं उरलेलं पाणी दारातल्या तुळशीला घालायचं. त्याशिवाय घरात पाऊल नाही. त्या गेल्या, रीत राहिली.

दगडी गडग्यापलीकडे धर्माभावजींची वाडी. यांचा धाकटा भाऊ. तिकडे बघवत नाही. पोफळींची झापं पिवळी, आळ्यांत पाचोळा. घराला कुलूप.

विहीर एक, मोटर एक. एक दिवस आमचा, एक दिवस त्यांचा — अशी पाळी. वादळाच्या वर्षी कितीतरी दिवसांनी वीज आली, ती भावजींच्या पाळीला. मोटर चालूच राहिली आणि जळाली. हे म्हणाले, धर्माचं लक्ष नसतं. भावजी म्हणाले, वीज येते नि जाते, मी काय तिच्या उशाशी बसू? शब्दाला शब्द लागला. यांनी नवी मोटर बसवली — आणि गडग्याखालून पलीकडे जाणारा पाइप करवतीने कापला.

भावजींनी घराला कुलूप लावलं, आणि उलव्याला मुलाकडे, अल्पेशकडे गेले. सोबत केसर. माझी जाऊ. एका चुलीवर इतकी वर्षं भाकऱ्या थापल्या आम्ही! आम्हा दोघींचं तर भांडणच नव्हतं. पण पुरुष बोलत नाहीत म्हटल्यावर तिने माझ्याशी कसं बोलायचं, मी तिच्याशी कसं — असं करता करता चार वर्षं झाली.

प्राप्ती भावजींचीच नात. अल्पेशबरोबर कुलपाचं घर बघायला आली होती. बाप घराची कौलं मोजत होता तेवढ्यात पोरगी गडगा ओलांडून माझ्या पडवीत! ‘आजोबांना सांगू नको हां.’ मी कशाला सांगते? सांगायला बोलायला तर हवं.

२३ नोव्हेंबर

जास्वंदी लावल्या बेटावर. लाल, पांढरी, पिवळी. प्राप्तीने दाखवलंय — दोन रंग शेजारी लावायचे, झारीने पाणी घालायचं, मग मधल्या जागेत तिसऱ्याच रंगाचं झाड उगवतं. लाल-पिवळीची केशरी. लाल-पांढरीची गुलाबी. आणि असं चढत चढत शेवटी निळी. निळी मिळाली की जिंकलं, म्हणाली. तिलाही अजून मिळालेली नाही.

निळी जास्वंद! गणपतीने कधी पाहिली नसेल.

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. तसं हेही जमेल.

२४ नोव्हेंबर

काही उगवलं नाही.

२७ नोव्हेंबर

आजही नाही. हे विचारतात, ‘काय गो, त्या डबड्यात पाणी शिंपून शिंपून वाडी कधी तयार होनार? सुपारी कधी धरनार?’ मी म्हटलं, तुमच्या मधुमेहाला सुपारी चालत नाही, गप बसा.

पाठ दुखते. मागच्या दोन्ही खोल्यांत पर्यटक आहेत, सकाळपासून घावनेच घावने.

१ डिसेंबर

प्राप्तीचा फोन आला, बापाच्या फोनवरून, हळू आवाजात.

‘आजी, रोज पाणी घालतेस ना?’

‘घालते की.’

‘झाडं शेजारी शेजारी आहेत?’

‘आहेत.’

‘मग फुलं का नाही मिसळत? थांब. सकाळी उठून तू काय काय करतेस, नीट सांग.’

मी सांगितलं. सकाळी खेळ उघडते. घराबाहेर येते. सगळी फुलं तोडते, मग पाणी —

‘काय करतेस?’

‘फुलं तोडते.’

‘सगळी? का?’

का म्हणजे काय! सकाळची फुलं झाडावर ठेवतात का कुणी? देवाला नकोत? उन्हं वर आली की कोमेजतात, मग परडी रिकामी. बेटावर देव नाही हे खरं, पण हाताला कोण सांगणार? ती तोडलेली फुलं मी घरात टेबलावर रचून ठेवते. अस्वलाला दोन देते.

पोरगी इतकी हसली की तिकडून कुणीतरी विचारलं, काय झालं गं? — तो आवाज केसरचा होता. मी ओळखला. पोरीने पट्कन फोन ठेवला.

तोडलेलं फूल मिसळत नाही. झाडावर राहू द्यायचं. बघत बसायचं. हात लावायचा नाही.

साठ वर्षांची सवय आहे. बघू.

३ डिसेंबर

तोडली नाहीत. हात शिवशिवले!

४ डिसेंबर

गुलाबी आली!! लाल आणि पांढरीच्या बरोबर मध्ये. मी ओरडले तशी कपिला दचकली. हे धावत आले — ‘साप हाय का?’ दाखवलं. म्हणाले, ‘ह्याला ओरडतेस? मला वाटलं लॉटरी लागली.’ पण चष्मा लावून बघत राहिले जरा वेळ. मग म्हणाले, ‘आळं नीट केलं न्हायस.’ अहो, त्यात आळं नसतं!

१३ डिसेंबर

केशरी झाली. जांभळी झाली. निळीचं नाव नाही.

प्राप्तीने सांगितलं, निळी अशी सहजी येत नाही. आपल्या पाण्यावर तर कधीच नाही. तिला बाहेरच्या माणसाने पाणी घालावं लागतं. दुसऱ्या बेटावरून कुणी आलं, त्याच्या झारीचं पाणी पडलं, की फुलं चमकतात आणि मग कुठे निळीचा संभव. मी म्हटलं, मग ये की तू. तर म्हणाली, ‘येईन गं, पण तू तर गेट बंद ठेवतेस!’

खरंच की. खेळ खाली ठेवण्याआधी मी न चुकता बेटाचं फाटक लावते. दिवेलागणीला कवाडी लावायचीच, नाहीतर ढोरं शिरतात. बेटावर ढोरं कुठली? पण लावते.

आजपासून उघडं.

यांना सांगितलं, बाहेरच्या पाण्याशिवाय निळं फूल येत नाही. म्हणाले, ‘मग नको येऊ दे.’ आणि उठून गेले.

१६ डिसेंबर

प्राप्ती आली बेटावर! दुपारी मी पडवीत पाय लांब करून बसले होते, यंत्र चालू. घंटी वाजली. वर नाव आलं — इंग्रजी अक्षरं येत नाहीत मला, पण तिच्या नावाचं चित्र ओळखते. तिची बाहुली, दोन शेंड्या, पिवळा रेनकोट. पाणी घातलं सगळ्यांना. फुलं चमचम करायला लागली.

मी हात हलवला. तिने नाही हलवला. गेली.

घाईत असेल. परीक्षा असतात.

१९ डिसेंबर

रोज येते. दुपारीच. माझं जेवण, भांडी आटोपतात त्या सुमाराला. पण काय वेडी पोर! एक ओळ सोडून एक पाणी घालते. पहिली, मग तिसरी, मग पाचवी. मला वाटलं विसरली. पण परत येताना राहिलेल्या ओळी घालते. खेळच आहे, करू दे मनासारखं.

एकही फूल तोडत नाही. माझ्यापेक्षा शहाणी.

२२ डिसेंबर, रविवार

आज नाही आली. मागच्या रविवारचं माहीत नाही, पण पोरींना रविवारीच तर वेळ असतो ना?

डोकं जड आहे. वातावरण ढगाळ, आंब्याचा मोहोर कसा टिकणार कोण जाणे.

२४ डिसेंबर

आज जे पाहिलं ते आधी लिहून टाकते.

बाहुली आली, पाणी घातलं — एक सोडून एक, मग राहिलेल्या. मग माझ्या बेटावरच्या घरासमोर आली. दाराच्या बरोबर समोर जी मोकळी जागा आहे, जिथे काही नाही, गवतसुद्धा नाही — तिथे तिने झारी वाकडी केली. पाणी घातलं. रिकाम्या जमिनीवर! आणि गेली.

मला वाटलं चुकून. पण मग आठवलं — काल पण असंच काहीतरी केलं होतं, माझं लक्ष नव्हतं.

दारासमोर. शेवटचं पाणी.

उलव्याच्या सातव्या मजल्यावर वाढलेल्या पोरीला हे कुठून माहीत? तिच्या घरी तुळस खिडकीत असेल, असली तर.

ही प्राप्ती नाही. बाहुली तिची, हात दुसऱ्याचे.

केसर, तू गं?

२६ डिसेंबर

कुणाला बोलले नाही. यांना तर मुळीच नाही. फूल झाडावर राहू द्यायचं. प्राप्तीनेच शिकवलंय.

दुपारी मीही बाहुली नेऊन बाकावर बसवते. ती पाणी घालते, मी बघते. पूर्वी वाडीत असंच होतं — एक शिंपायची, एक सुपाऱ्या सोलायची. बोलणं कमीच असायचं. केसर एरवी बोलकी, पण वाडीत गप्प.

आज ती माझ्या बाकाजवळ थांबली जरा. मला वाटलं, बसेल. नाही बसली.

१ जानेवारी

आली. नवीन वर्ष म्हणून मी दारात एक टोपली ठेवली होती नारळांची. उचलली नाही. पाणी घातलं, शेवटचं दारासमोर, गेली.

केसर मानी आहे. असू दे. मीही काही कमी नाही.

६ जानेवारी

आज नाही आली. सोमवार असून.

९ जानेवारी

रोज बसते. फाटक उघडं. कुणी येत नाही.

फुलं मी स्वतः शिंपते, पण चमकत नाहीत ती. माझं पाणी घरचं.

हे म्हणतात, ‘दुपारी झोपत का न्हायस? डोळे बघ कसे झालेत.’ काय सांगू?

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाच्या वड्या केल्या, खोल्यांतल्या पर्यटकांना दिल्या. त्यांनी फोटो काढले. वाण द्यायला गडग्यापलीकडे कुणी नाही, म्हणून कुलपाच्या घराच्या पायरीवर एक वडी ठेवली. मुंग्यांना झाली.

बेटावर कुणी नाही.

केसर आजारी तर नाही ना? प्राप्तीचा फोनही नाही. मी केला तर अल्पेश उचलणार, त्याच्या मागे भावजी. काय म्हणणार मी? ‘चार वर्षांनी आठवण झाली?’ — असं कुणी म्हणालं तर? फोन हातात घेतला आणि ठेवला.

२० जानेवारी

थकले. यंत्र कपाटात ठेवून दिलं.

२१ जानेवारी

परत काढलं.

२९ जानेवारी

आली! तिन्हीसांजेला नाही, दुपारीच, नेहमीच्या वेळी. पिवळा रेनकोट. एक सोडून एक ओळ. दारासमोर शेवटचं पाणी. मी पदराने डोळे पुसत होते आणि बाहुलीला नाचवत होते. त्या बटणाने नाचते. दुसरं काही सुचलं नाही. अस्वलही टाळ्या वाजवायला लागलं!

३ फेब्रुवारी

निळी उमलली.

सकाळी उघडलं तर दोन जांभळींच्या मध्ये. अगदी निळी, समुद्र नाही, आकाश नाही — परीट नीळ घालतो ना, तशी. हात लावला नाही. बघत राहिले. मग अलगद मुळासकट उचलली आणि दारासमोरच्या त्या रिकाम्या जागेत लावली. जिथे ती पाणी घालते तिथे. म्हटलं, घे बाई. तुझ्याच पाण्याची आहे.

दुपारी यांना हाक मारली. म्हटलं, बसा इथे, गंमत दाखवते. ठरवलं होतं, आज सांगून टाकायचं — केसर येते म्हणून. चिडले तर चिडले.

घंटी वाजली. बाहुली आली. हे चष्मा लावून बसले. बाहुलीने पहिली ओळ शिंपली, मग तिसरी, मग पाचवी.

यांनी माझ्या हातातून यंत्र घेतलं. अगदी डोळ्यांजवळ धरलं.

‘कोण हाय ह्यो?’

मी म्हटलं, ‘प्राप्तीची बाहुली. पण मला वाटतं आपली केसर —’

‘केसर न्हाय.’

‘अहो, शेवटचं पाणी दारात घालते, बघा तुम्ही —’

‘ते घरातले सगलेच घालतात. ओळी बघ. एक सोडून एक.’ बोटाने ओळी दाखवत म्हणाले, ‘हाफ पँटीतला होता तवापासून असाच शिंपायचा. जाताना एक सोडून, येताना राहिलेल्या. आये वरडायची, सरळ जा म्हनून. तर म्हनायचा, येताना रिकामा कशाला येऊ? — हा धर्मा हाय, गो.’

मला कसं कळणार? मी या घरात आले तेव्हा भावजी उरणला बंदरावर कामाला. सुट्टीला यायचे ते पाहुण्यासारखे. कायमचे परत आले तोवर मोटर बसली होती. त्यांना झारी धरताना मी पाहिलेलंच नाही!

बाहुली दारासमोर आली. निळ्या फुलाजवळ थांबली. बराच वेळ. मग पाणी घातलं आणि गेली.

हे यंत्र मांडीवर घेऊन बसले. रात्री जेवायलाही उठले नाहीत.

४ फेब्रुवारी

न राहवून सकाळीच अल्पेशला फोन केला. उचलला प्राप्तीने — शाळा बारा वाजता भरते तिची! म्हणजे दुपारी कधी नव्हतीच ती. मी विचारलं, खरं सांग. रडकुंडीला आली.

‘आजी, मी आजोबांना एकदाच दाखवलं होतं, गोदूआजीचं बेट म्हणून. मग मी शाळेतून आले की यंत्र गरम असायचं! आता मीच चार्ज करून ठेवून जाते. रविवारी मी घरी असते तर हातसुद्धा लावत नाहीत. मध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून ते बेटावर आले नव्हते. केसरआजीला माहितीय सगळं. ती म्हणते, बोलू नका, करू दे त्यांना.’

तू पण झाडावरचं फूल तोडलं नाहीस केसर. जाऊ कुणाची!

यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. ऑपरेशनचं ऐकल्यावर विचारलं, ‘कुठला गुडगा?’ मला माहीत नव्हतं.

५ फेब्रुवारी

सकाळपासून हे घरात नव्हते. चहा निवला. शोधत गेले तर विहिरीजवळ गडग्याच्या पायथ्याशी बसलेले, उघड्या अंगाने, खोकत. शेजारी पाइपाचा नवा तुकडा, जोड, चिकटवायचा डबा. कापलेलं तोंड घासून घासून साफ केलेलं. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि परत आले.

जोड सुकायला संध्याकाळ होईल म्हणाले.

६ फेब्रुवारी

पलीकडच्या पाटात पाणी आलं. पाचोळा उचलून पुढे नेत होतं. हे कुंपणाशी उभे राहून बघत होते. मी घरातून यांना बघत होते.

दुपारी म्हणाले, ‘ते डबडं आन.’ बेटावर एक फळा आहे, येणाऱ्याला दिसेल असा. मराठी लिहिता येत नाही त्यावर, इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत, यांना येतात. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, मधेच खोकत, चहा निवेपर्यंत लिहिलं. जागा थोडीच असते. मला वाचून दाखवलं ते इथे उतरवते.

‘धर्मा, तुझं पाणी पोचलं. तुझ्या वाडीतही सोडलंय. गुडघा कुठला, उजवा का डावा? केसर बरी? पोरगी बरी? लवकर लिही. — दादा’